बंदरावरचा बावटा

"तीन नंबरचा बावटा लागला" हे वाक्य कोकणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बंदराच्या खांबावर दिवसा काळे शंकू व नळकांडी चढली, रात्री तांबडे-पांढरे दिवे लागले, की होड्या पुळणीवर वर ओढल्या जातात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच बंद होते, आणि ज्यांची माणसे अजून खोल समुद्रात आहेत ती घरे रात्रभर जागी राहतात. हा बावटा इतका अंगवळणी पडला आहे की तो कोठून आला याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परंतु त्याची वंशावळ शोधू लागले म्हणजे वाट अरबी समुद्र सोडून कन्याकुमारीला वळसा घालते, चोळमंडलाच्या किनाऱ्याने उत्तरेस चढते आणि गंगेच्या मुखाशी जाऊन पोचते. आणि तेथील दोन-अडीचशे वर्षांचे दप्तर चाळताना एक गोष्ट मनाला फार लागते. हा बावटा प्रथम उभारला गेला तो गलबतांसाठी, गलबतांतील मालासाठी आणि त्या मालाचा विमा उतरणाऱ्या पेढ्यांसाठी. किनाऱ्यालगत झोपडीत निजलेल्या रयतेला तो दिसावा अशी त्याची योजनाच नव्हती, आणि मेले ते बहुतेक सारे त्या झोपड्यांतले.

बंगालच्या उपसागराचा स्वभाव समजल्यावाचून या संहाराचा उलगडा होत नाही. हा उपसागर उत्तरेकडे निमुळता होत जातो आणि त्याचा तळ गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने उथळ झालेला आहे. मोसमी पावसाच्या आधी, वैशाखाच्या सुमारास, आणि पावसाळा सरल्यावर आश्विन-कार्तिकात, त्याचे पाणी पुरेसे तापलेले असते आणि वरचे वारे वादळाचे चक्र मोडून टाकण्याइतके प्रबळ नसतात; हेच दोन ऋतू त्याच्या कोपाचे. वाऱ्याने घरे पडतात, झाडे उन्मळतात, परंतु माणसांचा संहार करते ते पाणी. चक्राच्या मध्यभागी वायुभार घटल्यामुळे समुद्राचा पृष्ठभाग मुळातच किंचित उंचावतो, दर मिलिबारामागे सुमारे एक सेंटिमीटर. हा उंचावा तसा क्षुल्लक. खरा डोंगर रचतो तो वारा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरणारे चक्र किनाऱ्याला भिडते तेव्हा त्याच्या मार्गाच्या उजव्या अंगाचा वारा पाणी सतत जमिनीकडे रेटत राहतो, तळ उथळ असल्यामुळे ते पाणी खालून माघारी फिरू शकत नाही, आणि जेथे भूमी समुद्रसपाटीपासून हात-दोन हातच उंच आहे तेथे ते मैलच्या मैल आत घुसते. त्याच घटकेस पौर्णिमेचे किंवा अमावास्येचे उधाण आले, तर मग बोलणेच खुंटले.

युरोपीय व्यापाऱ्यांना या समुद्राची पहिली दहशत बसली ती मद्रासला. मद्रासला त्या काळी बंदर असे नव्हतेच; जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत. १७४६ च्या सप्टेंबरात फ्रेंच सेनानी ला बुर्दोने याने मद्रास जिंकले आणि पुढच्याच महिन्यात एका रात्रीच्या तुफानात त्याच्या आरमाराचा मोठा भाग नष्ट झाला. हिंदुस्थानात फ्रेंचांचे पाऊल पुढे का पडले नाही याची कारणे देताना इतिहासकार त्या रात्रीची गणना करतात. १७६१ च्या पहिल्याच दिवशी पुदुचेरीला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांच्या जहाजांवर तसेच वादळ कोसळले व हजारावर खलाशी बुडाले. तरी वेढा उठला नाही, आणि पानिपतावर मराठ्यांचा दारुण पराभव झाला त्याच सुमारास, जानेवारीच्या मध्यास, पुदुचेरीही पडली. एकाच महिन्यात हिंदुस्थानच्या दोन टोकांना घडलेल्या या दोन घटना आपण एका पानावर क्वचितच वाचतो. या अनुभवाने शहाण्या झालेल्या मद्रासकरांनी एक शिरस्ता पाडला होता: ऑक्टोबरच्या मध्यास सेंट जॉर्ज किल्ल्यावरील ध्वजस्तंभ उतरवीत आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तो पुन्हा उभा करीत नसत. स्तंभ उतरला की जहाजांनी किनारा सोडून निघून जावे, आणि जो राहील त्याने आपल्या जोखमीवर राहावे. या उपखंडातील वादळ-निशाणाचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही, आणि त्यानेही बोलावयाचे ते जहाजांशीच.

कलकत्त्याचे १७३७ सालचे वादळ जगाच्या कोशांतून तीन लक्ष बळींचे म्हणून प्रसिद्ध आहे. हा आकडा दुसऱ्या वर्षी लंडनच्या एका नियतकालिकात छापला गेला आणि पुढे एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत गेला. कंपनीच्या वसुलीचे काम पाहणाऱ्या मूर नावाच्या अधिकाऱ्याने मात्र शहरातील मृतांचा अंदाज तीन हजारांचा दिला होता. आणि त्या काळच्या कलकत्त्यात तीन लक्ष माणसे मुळात राहतच नव्हती, तेव्हा मूरचा अंदाज खरा मानणे प्राप्त आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मूरने मोजली ती कंपनीच्या हद्दीतील, तिच्या जमाबंदीच्या वहीत असलेली माणसे. सेंट ॲन या इंग्रजी देवळाचा मनोरा कोसळल्याची नोंद दप्तरात आहे. सुंदरवनाच्या बेटांवरील कोळी, लाकूडतोडे, मीठ पिकविणारे मलंगी यांची नोंद करणारा तेथे कोण होता? लंडनच्या पत्राने संख्या फुगविली, कंपनीच्या दप्तराने ती आपल्या हद्दीपुरती कापली, आणि या दोहोंच्या मध्ये जे बुडाले ते नामनिशाणीवाचून बुडाले.

हेन्री पिडिंग्टनची हकीकत येथे जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण या सबंध इतिहासात मला त्याच्याइतका आदरणीय पुरुष दुसरा दिसत नाही. १७९७ साली जन्मलेला हा इंग्रज खलाशी व्यापारी जहाजाचा कप्तान होऊन बंगालला आला, तेथेच स्थायिक झाला, आणि पुढे कलकत्त्याच्या सागरी चौकशी-न्यायालयाचा अध्यक्ष झाला. बुडालेल्या व मोडक्या जहाजांचे कप्तान त्याच्यापुढे येत. त्यांची रोजनिशी तो तपासून घेई, कोणत्या घटकेस वारा कोणत्या दिशेचा होता हे टिपून घेई, आणि एकाच वादळात सापडलेल्या दहा-वीस जहाजांच्या नोंदी एका नकाशावर मांडून त्या वादळाची आकृती काढी. १८३९ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून त्याने वादळांवरील निबंधांची मालिकाच प्रसिद्ध केली. वारा वर्तुळात फिरतो असा तर्क कंपनीचा कर्नल जेम्स कॅपर याने १८०१ मध्ये केला होता. पिडिंग्टनने त्या तर्काला पुराव्याची भक्कम जोड दिली.

त्यातला एक पुरावा विलक्षण आहे. १८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ 'चार्ल्स हेडल' नावाचे दोन डोलकाठ्यांचे जहाज वादळात सापडले. कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन जहाज सोडून दिले आणि पाच-सहा दिवस ते तसेच धावत राहिले. वारा सारखा दिशा पालटीत होता व जहाज त्याच्यामागे. पिडिंग्टनने त्याची रोजनिशी नकाशावर उतरविली तेव्हा दिसून आले की या धावपळीत जहाजाने वादळाच्या केंद्राभोवती तब्बल पाच पूर्ण प्रदक्षिणा घातल्या होत्या. शेकडो मैल पळूनही ते निघाल्या जागेपासून त्या मानाने थोडेच दूर गेले होते. ही आकृती पाहिल्यावर वादळ वर्तुळाकार असते की नाही या वादात काय उरले? १८४८ साली त्याने खलाशांसाठी जे पुस्तक लिहिले, ज्यात सायक्लोन हा शब्द प्रथम आला, त्याला जोडून शिंगाच्या पारदर्शक पातळ चकत्या दिल्या होत्या व त्यांवर वाऱ्याची चक्रे कोरली होती. चकती नकाशावर ठेवावी, आपल्या जहाजावरचा वारा तिच्यावरील बाणाशी जुळवावा, की वादळाचे केंद्र कोणीकडे आहे व कोठे पळून जावे हे अशिक्षित खलाशालाही उमगावे, अशी ही योजना.

परंतु पिडिंग्टनचे मन जहाजांपाशी थांबले नाही. चोळमंडलाच्या उत्तरेस, गोदावरीच्या मुखापाशी, कोरिंगा नावाचे गाव १७८९ मध्ये समुद्राच्या लाटांनी धुऊन गेले होते आणि १८३९ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसेच झाले. या दुसऱ्या प्रलयाचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता, आणि वादळाबरोबर येणारा हा जलौघ वाऱ्याहून कितीतरी घातक आहे हे त्याला पटले होते. पुढे हुगळी गाळाने भरून येत आहे या धास्तीने सरकारने सुंदरवनात मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचा घाट घातला, तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यास जाहीर पत्र लिहून सांगितले की ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडात आहे आणि एक ना एक दिवस येथील सारी वस्ती खाऱ्या पाण्याखाली जाईल. पत्र दप्तरी दाखल झाले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. बंदर बांधले गेले, त्याला लॉर्ड कॅनिंगचे नाव मिळाले, कलकत्त्याहून आगगाडी आली, आणि १८६५ मध्ये त्या जमिनीवर एक कंपनीही उभी राहिली. या कंपनीशी मुंबईचा प्रत्यक्ष संबंध आहे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत ओतला जात होता, आणि बॅकबेचा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअरांवर ज्यांनी सट्टा केला त्यांनी पोर्ट कॅनिंगच्या शेअरांवरही केला. मातला नदी कोठे आहे हे न पाहताच कित्येक घरांनी त्यात पैसा घातला. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले. लाट सहा फुटांच्या आसपासची होती, म्हणजे त्या समुद्राच्या मानाने लहानच. तेवढ्याने धक्के, गोदामे, स्टेशन यांची वाताहत झाली, आणि पुढे चार-पाच वर्षांत सरकारने ते बंदर सोडून दिले. ज्ञान नव्हते म्हणून हे झाले असे म्हणण्याची सोयच नाही. ज्ञान चौदा वर्षे कागदावर हजर होते.

दरम्यान १८६४ चे साल येऊन गेले होते. त्या वर्षीच्या ५ ऑक्टोबरला, दुर्गापूजा अगदी तोंडावर आली असता, वादळ हुगळीच्या मुखातून वर चढले. कलकत्त्याच्या बंदरात दोनशेच्या आसपास जहाजे होती, त्यांपैकी धडधाकट राहिलेली पंचवीससुद्धा नव्हती. साखळ्या तुटून ती एकमेकांवर आदळली, काही तर काठावर चढून बसली. कलकत्त्यातील पत्रांनी वर्णन केले ते मुख्यतः या जहाजांचे. परंतु मृत्यूचे राज्य होते ते खाली, नदीच्या मुखाशी. खेजुरीचे जुने बंदर त्या दिवसानंतर बंदर म्हणून उरलेच नाही. सागर बेटावर साडेपाच हजारांवर वस्ती होती, त्यांपैकी सुमारे दीड हजार माणसे वाचली. एकंदर बळी पन्नास-साठ हजारांच्या घरात गेले, आणि नासलेल्या पाण्याने व रोगराईने पुढे आणखी कितीतरी. महिना उलटला नाही तोच, १ नोव्हेंबरच्या रात्री, मच्छलीपट्टणावर दुसरे वादळ आले व तेथे सुमारे तीस हजार माणसे बुडाली.

कर्नल गॅस्ट्रेल व हेन्री ब्लॅनफर्ड यांनी कलकत्त्याच्या वादळाचा जो अहवाल लिहिला तो आजही वाचनीय आहे, आणि त्याच आघातातून १८६५ साली हिंदुस्थानातील पहिली वादळ-इशाऱ्याची व्यवस्था जन्मास आली. ती कोणासाठी होती? कलकत्त्याच्या बंदरासाठी. तारायंत्राने किनाऱ्यावरच्या ठाण्यांची खबर यावी आणि बंदरात खूण चढावी, एवढाच तिचा आवाका. तार तरी मुळात कशासाठी आली होती? बंगालमधील पहिली तार डायमंड हार्बरकडे गेली ती समुद्रातून कोणते जहाज आत येत आहे ही खबर व्यापाऱ्यांना लवकर मिळावी म्हणूनच. सागर बेटावरील चार हजार मृतांनी निर्माण केलेली यंत्रणा कलकत्त्याच्या धक्क्यावर उभी राहिली. ब्लॅनफर्डसारखे अधिकारी निर्दय होते असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्याजवळ तार, धक्का आणि खांब आहे त्यालाच इशारा देता येतो, आणि रयतेजवळ यांपैकी काहीच नव्हते.

१८७५ साली सबंध देशाचे हवामानखाते निघाले व ब्लॅनफर्ड त्याचा प्रमुख झाला. दुसऱ्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री, पौर्णिमेच्या उधाणात, मेघनेच्या मुखावर बाकरगंजचे वादळ आले. दक्षिण शाहबाजपूर, हातिया, संद्वीप ही बेटे निजानीज झालेली असताना पाण्याखाली गेली. दौलतखानचे ठाणे वाहून गेले. बुडून सुमारे एक लक्ष माणसे मेली आणि नंतरच्या पटकीने व उपासमारीने जवळजवळ तितकीच. बंगालचे लेफ्टनंट-गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल स्वतः त्या मुलखात फिरले. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या संदर्भात ठाऊक आहे: थोड्याच महिन्यांत दुष्काळाच्या कामावर दक्षिणेत येऊन मजुरांचा शिधा कापणारे, आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले, ते हेच. बाकरगंजच्या त्यांच्या टिपणात एक तपशील असा आहे की तो विसरता येत नाही. त्या भागात प्रत्येक वाडी मातीच्या उंचवट्यावर बांधलेली आणि भोवती नारळी-पोफळीची दाट राई. पाणी छपरांवरून वाहू लागले तेव्हा जी माणसे वाचली ती या झाडांच्या आधाराने. छपरासकट वाहत चाललेले लोक झाडांत अडकले, काटेरी फांद्यांना लटकून राहिले, आणि पहाटे पाणी ओसरल्यावर रक्तबंबाळ अंगाने खाली उतरले. राई नसती तर त्या बेटांवर मोजदाद करण्यापुरतीही माणसे उरली नसती. सरकारी खाते स्थापन होऊन वर्ष झाले होते. त्या रात्री कामी आली ती शेतकऱ्याने आपल्या हाताने लावलेली झाडे.

पश्चिम किनाऱ्यावर इशाऱ्याची व्यवस्था आली ती १८८० च्या सुमारास, मुंबईच्या बंदरासाठी. ती आल्यावरही ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छ-मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सातशेंहून अधिक उतारूंसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत, आणि तिच्यात मॅट्रिकच्या परीक्षेस निघालेले विद्यार्थीही होते. शतक संपता संपता सर्व बंदरांना एकच अशी खुणांची पद्धत लागू झाली. तिच्यात एकूण अकरा खुणा: पहिल्या दोन दूरच्या वादळाच्या, मग स्थानिक सावधगिरीच्या, धोक्याच्या, आणि दहापर्यंत महाधोक्याच्या. अकरावी खूण निराळीच आहे. तिचा अर्थ असा, की इशारा देणाऱ्या कचेरीशी दळणवळण तुटले आहे आणि हवा बिघडण्याचे भय आहे असे बंदराच्या अधिकाऱ्याला वाटते. शास्त्र मुके झाल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाने आपल्या अनुभवावर बोलावे, ही मुभा त्या पद्धतीतच लिहून ठेवलेली आहे. १९२८ मध्ये खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि तिच्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या खात्याचे मूळ सागर बेटावरच्या चिखलात आहे!

बाकरगंजच्या वेळचे दक्षिण शाहबाजपूर म्हणजे आजचे भोला. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, पुन्हा पौर्णिमेच्या उधाणात, त्याच बेटावर लाट आली. तोपर्यंत आकाशात उपग्रह होते, रेडिओ होता, वादळ येत आहे हे माहीत होते. तरीही तीन ते पाच लक्ष माणसे मेली, काही ठाण्यांत तर जवळजवळ निम्मी वस्ती. पाकिस्तान सरकारच्या मदतकार्यातील दिरंगाईने पूर्व बंगालचे मन कायमचे तुटले, आणि पुढच्या महिन्यातील निवडणुकीत व वर्षभरात झालेल्या बांगलादेशाच्या जन्मात त्या संतापाचा वाटा मोठा होता.

बावट्याचे तोंड रयतेकडे वळले ते त्यानंतर. १९७२ पासून बांगलादेशात गावोगावचे स्वयंसेवक नेमले गेले, त्यांना हाताने फिरवावयाचे भोंगे, कर्णे आणि निशाणे देण्यात आली, आणि निशाण बंदराच्या खांबावरून उतरून गावच्या वाटेवर आले. गुराढोरांसह वर चढता यावे म्हणून मातीचे उंच ढीग रचले गेले. लोक त्यांना 'किल्ला' म्हणतात. पूर्वी कित्येक माणसे गुरे टाकून जाता येत नाही म्हणून घरातच राहून बुडाली होती, हे ज्याने ओळखले त्याने सगळ्या तारायंत्रांहून मोठे काम केले असे मला वाटते. १९९१ मध्ये तेथे पुन्हा लाखावर बळी गेले, तेव्हा मार्ग सरळ नव्हता. पण दिशा बदललेली होती. आपल्याकडेही आंध्राच्या दिवीसीमेत नोव्हेंबर १९७७ मध्ये दहा हजारांवर माणसे मेली, आणि मे १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर तसेच वादळ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविल्यामुळे बळींची संख्या हजाराच्या आत राहिली. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ ला सुमारे दहा हजार गेले. त्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे आधी हलविली गेली आणि बळी पन्नासाच्या आत राहिले.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा बावटा लागला होता, दवंडी फिरली होती, आणि लोकांना शाळांत व पक्क्या इमारतींत नेले होते; बहुतेक माणसे वाचली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतील नारळी-पोफळी मात्र हजारोंनी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिचे झाड लावल्यापासून फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात, आणि तोवर वाडीवाल्याने काय खावे हे कोणत्याही खुणेत सांगितलेले नाही. भरपाई हेक्टरी हिशेबाने द्यावी की पडलेली झाडे मोजून, यावर तेथे बरेच दिवस तंटा चालला. कारण कोकणात वाडी गुंठ्यांत मोजली जाते, आणि चार-सहा गुंठ्यांतल्या दाट झाडांवरच एकेका घराचे सबंध वर्ष निघत असते.